दत्तूमामांची डेल्फ्टमधली फेरी

दत्तूमामा दार लावत नाहीत. घराचं लावत नाहीत, कपाटाचं लावत नाहीत, फ्रिजचं तर मीच जाऊन लावते. आमच्या इमारतीच्या लिफ्टचं जाळीचं दारही ते उघडं टाकून निघून जातात आणि मग चौथ्या मजल्यावरची मंडळी लिफ्ट वर येत नाही म्हणून आमच्या नावानं ओरडत बसतात. मोरीचं दार तेवढं लावतात, तेही मी आतल्या बाजूनं लेखी सूचना चिकटवल्यापासून.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचे एकुलते एक भाऊ. मूळचे शनिशिंगणापूरचे. त्या गावात घरांना चौकट असते, पण दार नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी आडवी लावायची. तेव्हा मामांचं हे वागणं म्हणजे गावचं वळण, असं आम्ही सगळे नातेवाईक धरून चालत होतो. मी याद्या करणारी बाई आहे. एका सहकारी बँकेत इतकी वर्षं काढल्यावर प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी सदराखाली टाकायची सवयच लागते. मामांचं दार मी 'गावचं वळण' या सदराखाली टाकून दिलं होतं.

लहानपणी मे महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला जायचे. घोडेगावहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर मामांची रसवंती होती. लाकडी चरक, गोल गोल फिरणारा बैल आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मामा चरकाला ऊस लावता लावता रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायचे, "या, बसा, रस घ्या." समोरचा शेजारच्या रसवंतीत शिरला तरी त्याला, "बरं, तिथं घ्या, निवांत बसा," असं सांगायचे. धंदा बेताचाच चालायचा.

संध्याकाळी माझं बोट धरून ते घरी निघायचे. अंतर फार नव्हतं, पण आम्हाला पोचायला दिवेलागण व्हायची, कारण वाटेतलं एकही घर ते मुकाट्यानं ओलांडायचे नाहीत. प्रत्येक चौकटीसमोर थांबायचं, हात वर करायचा आणि विचारायचं, "काय, झालं का जेवान?" दुपारी चारला विचारलं तरी हेच. आतलं माणूस म्हणायचं, "या, चहा टाकते." मामा म्हणायचे, "न्हाई न्हाई, आत्ताच झाला." आतलं माणूस म्हणायचं, "आसं कसं, या की." मामा पुन्हा नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा आग्रह झाला की चपला काढून आत जायचे. मी कंटाळून विचारलं होतं, मामा, सगळ्यांशी बोलायलाच पाहिजे का? ते म्हणाले होते, "सुमे, उघड्या दारावरनं मानूस मुकाट कवा जातं? आत मयत आसलं तर. जित्या मानसाच्या दारावरनं आसं जायचं नसतं."

पुढे मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली आणि मान डावीकडे कलली ती कललीच. उपचारांसाठी नगरला राहणं भाग होतं. मामांच्या मुलानं, संतोषनं, सावेडीत माझ्या समोरचाच फ्लॅट घेऊन दिला. मामांनी रसवंती मोडली, बैल भाच्याला दिला आणि पहिल्या मजल्यावर राहायला आले. मामीची वेताची खुर्ची दारात असायची आणि दार सताड उघडं. जिन्यानं जाणारा-येणारा त्या खुर्चीला वळसा घालून जायचा. मामी गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. खुर्ची आत सरकली, दार मात्र उघडंच राहिलं. त्यातून मांजरं आली, इतरांची कुरिअरं आली, एकदा तर मतं मागणारे येऊन जेवून गेले. माझ्या घरकामाच्या यादीत 'मामांच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप' ही ओळ तेव्हापासून आहे. बाकीच्या ओळींवर काट पडत गेली, हिच्यावर पडली नाही.

संतोष नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट नावाच्या गावात राहतो. जुनं गाव, कालव्यांचं. त्यानं गेल्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे मामांना, तिकडे बोलावलं. मामा एकटे जाणार नाहीत म्हणून सोबतीला मी. मला सुट्टी शिल्लक होती आणि पाहायच्या ठिकाणांची यादी मी व्हिसाच्याही आधी केली होती. जुनं चर्च, नवं चर्च, चौक, निळ्या चिनीमातीचं दुकान, आठवडे बाजार, जुनी वेस. प्रत्येकापुढे वेळ. संध्याकाळचं जेवण करून बाहेर पडायचं, कारण तिथे त्या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो. मामांना तो उजेड पसंत पडला नाही. "सूर्य डूटीवरनं घरी जात न्हाई का?" असं त्यांनी संतोषला विचारलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही निघालो. मामा पांढरा पायजमा, टोपी, संतोषचा निळा स्वेटर आणि त्याचेच पळायचे बूट अशा थाटात. संतोषचं घर जुन्या गावाच्या जरा बाहेर आहे, त्यामुळे दोन निमुळत्या मनोऱ्यांच्या वेशीतून आत शिरावं लागतं. मामांनी वेशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माळीवाडा वेस." त्यानंतर परत येईपर्यंत त्या वेशीचं नाव माळीवाडाच राहिलं. मीही शेवटी तेच म्हणू लागले.

आत गेलं की कालवा. दोन्ही काठांना विटांचा रस्ता, झाडं, सायकली, एकमेकांना खेटून उभी असलेली उंच अरुंद घरं. पाणी रस्त्याच्या खाली हातभर. मामा काठावर उभे राहिले ते हलेनात.

"पाट हाय."

"कालवा आहे, मामा. जुना आहे."

"पाटच की. रोटेशन कवा सुटतं?"

"इथे रोटेशन नसतं. बारा महिने पाणी असतं."

मामांनी पाण्याकडे पाहिलं, मग दोन्ही काठांकडे लांबपर्यंत पाहिलं. "आन कुनी पानी उपसायला मोटार टाकलेली न्हाई," ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं की कीव, मला सांगता येणार नाही.

माझी यादी तिथेच मागे पडायला लागली. जुन्या चर्चचा मनोरा एका बाजूला झुकलेला आहे, त्यासाठी मी थोडा वेळ राखून ठेवला होता. मामा एक नजर टाकून म्हणाले, "मिस्तरी गडबडीत हुता," आणि पुढे चालू लागले. चौकातलं नवं चर्च त्यांनी बाहेरूनच हात जोडून उरकलं. चीजच्या दुकानात मात्र मांडणीवर रचलेली पिवळी चाकं पाहून ते रमले. "गुळाच्या ढेपा," म्हणाले आणि दुकानदारानं चवीला दिलेला तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्यो गूळ बिघडलाय."

घरांच्या माथ्यावर बाहेर आलेलं एकेक तुळईचं टोक आणि त्याला लोखंडी आकडा. जिने अरुंद असल्यामुळे सामान दोरानं वर ओढतात, असं संतोषनं सांगितलं होतं. मामांच्या मते ते घरावरचे रहाट होते. काही घरांपुढे भिंतीला टेकून बाकं ठेवलेली असतात. त्यांच्याबद्दल मामांना काहीच विचारावं लागलं नाही. ते ओटे होते. पहिलं बाक दिसताच ते त्यावर बसले. थोड्या वेळानं त्या घराचा मालक कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला आणि थबकला. मामा सरकले, बाकावर हात थोपटला आणि म्हणाले, "बसा." स्वतःच्या घरापुढच्या बाकावर जागा मिळाल्याबद्दल तो माणूस काही तरी पुटपुटला आणि बसला. मी समोरच्या झाडाची साल वाचत उभी राहिले.

पण खरा घोटाळा खिडक्यांनी केला. त्या गावात दिवाणखान्याच्या खिडक्या रस्त्यावर असतात, दारापेक्षा मोठ्या आणि बिनपडद्याच्या. आत दिवा, टेबल, काचेशी ऑर्किडची कुंडी, पुस्तक वाचणारं माणूस. रस्त्यावरून सगळं दिसतं. तिथले लोक न पाहता पुढे जातात. तसं न पाहायचं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असावं.

दत्तूमामांना त्याच्या नेमकं उलट शिकवलेलं. पहिल्याच खिडकीसमोर ते थांबले, हात वर केला आणि काचेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय, झालं का जेवान?"

आतल्या माणसानं लॅपटॉपवरून मान वर केली. मी मामांची बाही ओढली. तोवर पुढची खिडकी आली होती.

त्या फेरीत दोन लहान मुलांनी हात हलवला, एका कुत्र्यानं काचेवर उडी मारली आणि एका बाईंनी कुणी तरी आपल्याच ओळखीचं असावं असं समजून हसून दाखवलं. बाकीच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मामांनी कुणालाच सोडलं नाही. मी म्हटलं, "मामा, इथे असं चालत नाही." ते म्हणाले, "दार उघडं हाय, मानसं जिती हायेत, मग?"

एका अरुंद कालव्यावर लहानसा कमानदार पूल आहे. तो उतरून पुढे गेलं की डाव्या हाताच्या घराच्या खिडकीत एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. पांढरे आखूड केस, करडा स्वेटर, मांडीवर शाल. नुसत्या बसलेल्या. शेजारी चाकांचा वॉकर, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला चौकटीला जडवलेला छोटा आरसा. मामांनी हात केला, जेवणाचं विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि पापण्या हलवल्या. मग एके दिवशी मांडीवरची दोन बोटं वर झाली. आठवडा उलटेपर्यंत पुरता हात वर यायला लागला. मामांनी त्यांचं नाव 'अक्का' ठेवलं.

तोवर गल्लीतल्या एका गृहस्थांनी संतोषला अतिशय नम्रपणे सांगितलं, की तुमचे वडील लोकांच्या घरात पाहतात. संतोष घरी आला तो लाल होऊन.

"अण्णा, इथं लोकांच्या खिडकीत बघत नाहीत. वाईट दिसतं."

"मंग परदा लावावा. उघडं ठिवायचं आन बघू नगा म्हनायचं?"

"उघडं ठेवतात ते आपल्याकडं लपवण्यासारखं काही नाही म्हणून."

"आपल्या गावाचं बी त्येच हाय की," मामा म्हणाले. "पर आपल्यात जानारा इचारतो."

"मला इथं राहायचंय, अण्णा. तुम्ही जाल निघून."

हे शेवटचं वाक्य संतोषला बोलून झाल्यावर जड गेलं असावं, कारण तो उठून उगाच टेबल पुसायला लागला. मामा म्हणाले, "बरं." ठरलं ते असं, की फेरी सुमनताईबरोबरच, म्हणजे माझ्याबरोबरच, मारायची आणि पाहायचं ते पाण्याकडे.

मामांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून ते संपूर्ण जुन्या गावातून तोंड कालव्याकडे करून चालू लागले, खेकड्यासारखे. सायकलवाले घंटा वाजवून वाजवून कंटाळले. पण पुलावरून उतरलं की त्यांचा उजवा हात पाठीमागे जायचा आणि पाठीमागेच वर व्हायचा. तोंड पाण्याकडे, हात अक्काकडे. "मी बगितलं न्हाई," ते मला सांगायचे. मी पाहायचे. अक्कांचा हात वर असायचा आणि त्या चक्क हसत असायच्या.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर निघायचं होतं. माझी यादी भरगच्च होती. बॅगांचं वजन, चीज कपड्यांत गुंडाळणं, मामांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, स्वेटर संतोषला परत. संध्याकाळच्या फेरीपुढे मी सकाळीच काट मारली होती. मामांनी बूट घातले.

"कुठे, मामा?"

"अक्काला सांगून यावं लागंल."

"काय सांगणार? कुठल्या भाषेत? त्यांना काय पडलंय? आणि बॅगा कोण भरणार?"

"तू भर. मी जाऊन येतो."

एकटं सोडणं शक्य नव्हतं. मी चिडून निघाले आणि वेशीपर्यंत मामांच्या दोन पावलं पुढे चालले.  पुलाच्या अलीकडे एक ओटा आहे, म्हणजे बाक. तिथे ते बसले.

"आपला दूधवाला आठवतो का गं? मिशीवाला."

आठवत होता. आमच्या जिन्यात सकाळी तो येऊन जायचा. मामी खुर्चीत असायच्या. जाता जाता म्हणायचा, "काय मामी, बरंय ना?" एवढंच. मामींना उत्तर देता यायचं नाही, पण डावा हात उचलायच्या.

"त्यानं लाईन बदलली," मामा म्हणाले. "पाईपलाईन रोडला दुसरी घरं मिळाली त्याला. बरोबर हाय, त्याचं बी पोट हाय. पर सांगितलं न्हाई त्यानं. एक दिवस दुसराच आला. तुझी मामी रोज सकाळी जिन्याकडं बगायची. दूध आलं तरी बगायची. मला वाटलं पानी पायजेल, मी पानी द्यायचो. मला वाटलं ऊन लागतंय, मी खुर्ची फिरवायचो. तशी रडायची. लई दिवसांनी माझ्या ध्यानात आलं. तिला इचारता येत न्हवतं, का कुटं गेला. तिला वाटलं, मेला."

पाण्यातून बदकं चालली होती. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दार मी कशाला उघडं ठिवत हुतो? जानारानं येक शबुद टाकावा तिच्यासाटी म्हनून. येक शबुद पडला की तिला वाटायचं, आजचा दिस झाला. आता ही अक्का. उद्या मी दिसनार न्हाई, परवा न्हाई. ती काय समजंल?"

इतकी वर्षं मी त्या उघड्या दाराला गावचं वळण म्हणत होते. मी म्हटलं, "चला, मामा. उशीर होतोय."

अक्का खिडकीत होत्या. मामा या वेळी सरळ तोंड करून उभे राहिले. जेवणाचं विचारलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हाताचं विमान केलं आणि ते टोपीवरून उडवून लांब आकाशात सोडून दिलं. मग दोन्ही हात जोडले.

अक्कांनी पाहिलं. त्यांचा हात वर झाला नाही. त्यांनी चाकांचा वॉकर ओढला, हळूहळू उठल्या आणि खिडकीतून नाहीशा झाल्या. खिडकीत नुसती खुर्ची राहिली. मामा माझ्याकडे पाहू लागले. बराच वेळ काहीच घडलं नाही. एक सायकल गेली. मग शेजारच्या हिरव्या दाराची कडी आतून खडखडली आणि ते दार उघडलं.

अक्का दारात उभ्या होत्या, खिडकीत वाटायच्या त्यापेक्षा पुष्कळ उंच. त्यांनी मामांकडे पाहून एकच शब्द उच्चारला. "कोफी?"

हा शब्द मामांना कळला. इतक्या दिवसांच्या हाकेला आतून उत्तर आलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. आणि त्यांनी दोन्ही हात जोरानं हलवून सांगितलं, "न्हाई न्हाई, आत्ताच झाला."

अक्कांनी मान हलवली. "ओके," म्हणाल्या आणि दार लावायला लागल्या.

त्या गावात नाही म्हणजे नाही असतं. मामा तिथेच, हात हवेत, हसऱ्या चेहऱ्यानं उभे. ते दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत होते. तिसऱ्या आग्रहाला चपला काढायच्या, इतकं सगळं आयुष्यभर ठरलेलं. दार अर्धं मिटलं तसं त्यांचं हसू गोंधळलं. इतक्या लांब येऊन, इतक्या फेऱ्या मारून, त्या दाराबाहेर उरणार होतो ते एका 'न्हाई'मुळे.

मी शिस्तीची बाई आहे. परक्याच्या दारात पाय घालणं माझ्या कुठल्याच यादीत बसत नाही. मी पाय घातला. "यस," मी म्हटलं. "यस, यस. कोफी. बोथ."

"न्हाई म्हनायचं आसतं गं आदी," मामा आत जाताना माझ्या कानाशी कुजबुजले.

"इथे नसतं," मी म्हटलं. "बूट काढू नका. फरशी थंड आहे."

त्यांनी बूट काढले.

अक्कांना इंग्रजी येत होतं, माझ्याहून बरं. त्यांनी कॉफी केली, पत्र्याचा डबा उघडला, आम्हाला एकेक बिस्कीट दिलं आणि झाकण लावून टाकलं. मामा त्या झाकणाकडे थोडा वेळ पाहत राहिले. मी सांगितलं, की हे उद्या भारतात परत चालले आहेत आणि न सांगता जायचं नाही म्हणून आले आहेत. अक्कांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, हे रोज माझ्या खिडकीपुढे काय बोलतात?

मी सांगितलं, तुमचं जेवण झालं का, असं विचारतात.

अक्कांनी विचार केला. त्यांना प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं होतं. "त्यांना सांगा, सहा वाजता," त्या म्हणाल्या. "मी रोज सहालाच जेवते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्यांचं?"

मी ते मराठीत सांगितलं. मामांनी कप खाली ठेवला. "झालं म्हन," ते म्हणाले आणि उगाच टोपी काढून पुन्हा घातली. "सहाला म्हंजी लई लवकर जेवती. रातीला भूक लागत आसंल हिला."

निघताना अक्कांनी मामांना खूण केली आणि आपल्या खिडकीतल्या खुर्चीत बसवलं. बाहेरच्या आरशाकडे बोट दाखवलं. मामांनी आरशात पाहिलं आणि पाहतच राहिले. मग मला बोलावलं. त्या एवढ्याशा आरशात सगळी गल्ली होती. काठ, झाडं, कमानदार पूल, पुलाच्या पलीकडचं वळण. मघाशी आम्ही बसलो होतो तो ओटासुद्धा. अक्कांनी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली, पुलावरून खिडकीपर्यंत, आणि मग मामांच्या टोपीकडे बोट केलं.

"ही मला पुलापासनं बगत हुती," मामा म्हणाले. "मला वाटायचं, मी हात करतो तवा हिला दिसतो."

दारात मामा म्हणाले, "येतो." मी त्याचं भाषांतर केलं नाही. करायला गेले असते तर खोटं ठरलं असतं.

बॅगा घाईत भरल्या गेल्या. चीज स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि स्वेटर परत द्यायचा राहिला.  पुढे महिन्याभरानं संतोषनं फोनवर मला सांगितलं, की ऑफिसातून परत येताना तो आता त्या पुलावरून सायकल घालतो, थोडं लांब पडतं पण ट्रॅफिक कमी असतं. मी विचारलं, हात करतोस का? तो म्हणाला, "करावाच लागतो, ताई. त्या आधीच करून बसलेल्या असतात."

नगरला आल्यावर मामा दोन दिवस झोपले आणि तिसऱ्या दिवशी नालेगावातल्या ओळखीच्या गॅरेजमधून टेम्पोचा एक जुना आरसा घेऊन आले. सुतार बोलावला आणि तो आरसा दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूनं बसवून घेतला. सगळ्या जिन्यानं हसून घेतलं. चौथ्या मजल्यावरच्यांनी, "मामा, हॉर्न कधी बसवताय?" असं विचारलं. मामा म्हणाले, "तुमी लिफ्टचं दार लावा, मंग बसवतो."

संध्याकाळी बँकेतून येताना मी भाजीची पिशवी ठेवायला आत गेले. मामीची वेताची खुर्ची पुन्हा दाराशी आली होती. मी उभ्यानं आरशात पाहिलं तर छत दिसलं आणि कोपऱ्यातलं जळमट. खुर्चीत बसून पाहिलं तर समोरची भिंत. सुतारानं वाकडाच बसवला होता. मी सवयीप्रमाणे उठले आणि आरसा सरळ करायला हात घातला.

"नगं," आतून मामा म्हणाले. ते चहाचे कप घेऊन येत होते. "बराबर हाय तो. तिच्या मानंनं बसवलाय."

मी हात काढून घेतला आणि खुर्चीत पुन्हा बसले. मान डावीकडे कलती केली. जिना खालपर्यंत दिसला, पार रस्त्याच्या पायरीपर्यंत. कुणी तरी वर येत होतं.